मुक्कामाचा काळ

केतकीला त्या सकाळी एवढंच बघायचं होतं, की उठल्यापासून डाव्या मांडीत चाललेली झिणझिण खरी आहे की नुसतीच. तिने फोन हातात घेतला. ठिपका निळा होता, म्हणजे नुसतीच. ती चहाचं आधण ठेवायला वळणार, तेवढ्यात तिला ठिपक्याखाली एक ओळ दिसली. कालपर्यंत ती ओळ तिथे नव्हती. 'मुक्कामाचा काळ : सुमारे सव्वीस वर्षे.'

तिने चष्मा पुसला आणि ओळ पुन्हा वाचली. वजाबाकी करायला काही मोठं गणित यावं लागत नाही. केतकी एकोणतीस वर्षांची होती. ओट्याला पाठ टेकून ती फरशीवर बसली, आणि आत बाथरूममध्ये ओजसची शीळ चालू राहिली.

आता हा कसला ठिपका आणि कोणाचा मुक्काम, ते सांगायचं तर दोन वर्षं मागे जायला हवं.

केतकी आणि ओजस पिसाळ नाशिकला राहायचे. ती द्राक्षबागांवरून फिरणाऱ्या ड्रोनची छायाचित्रं तपासून कुठल्या ओळीत भुरीचा रोग येऊ घातलाय ते बागायतदारांना कळवायची, आणि तो शहरातल्या विजेच्या बसगाड्यांच्या फेऱ्या आखायचा. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. अशात तिला एकदा सणकून ताप आला आणि तापाबरोबर डाव्या कुल्ल्यापासून मांडीच्या आतपर्यंत पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे झुबके उठले. उठबस करवेना, लघवीला जाताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर जमादार म्हणून एक बाई होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या पण मायाळू. त्यांनी नमुना घेतला आणि सांगितलं, हर्पिस आहे.

हर्पिस हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे माणसांच्या डोक्यात पहिल्यांदा काय येतं, ते मी वेगळं सांगायला नको. केतकीच्याही डोक्यात तेच आलं. डॉक्टरीणबाईंनी परोपरीने समजावलं. ओठावर फोड आले की 'कोळी मुतला' म्हणून आपण हसतो ना, त्या विषाणूचाच हा प्रकार आहे, फक्त जागा वेगळी. शहरातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या अंगात तो असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. नवऱ्याचं रक्त तपासलं तर त्याच्यातही सापडेल कदाचित, पण त्यावरून कोणाचं कोणाला गेलं हे ठरत नाही. कधी गेलं हे तर मुळीच ठरत नाही, कारण हा प्राणी वर्षानुवर्षं गप्प बसून एखाद्या तापाचं निमित्त साधून उठू शकतो. केतकीने मान डोलावली. तिच्या कानांत त्यातलं निम्मंही शिरलं नव्हतं.

ओजसचं रक्त तपासलं, आणि त्याच्यातही सापडलं. त्याला फोड कधीच आले नव्हते.

दहा-बारा दिवसांत फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडी पहिल्यासारखी झाली. राहिली ती झिणझिण. कधी मुंग्या यायच्या. कधी मांडीवरून कोणी कढत पाण्याची धार सोडल्यासारखं व्हायचं. कधी खिशात फोन थरथरतोय असं वाटून ती हात घालायची, तर खिशात फोनच नसायचा. सलवारीची शिवण टोचायची, खुर्चीची कड टोचायची, काही दिवस तर चादरीचा स्पर्शसुद्धा नको व्हायचा. बागायतदारांबरोबरच्या बैठकीत ती एका कुल्ल्यावर भार देऊन अवघडून बसायची, आणि कोणी विचारलंच तर कंबर धरलीय म्हणून सांगायची.

ह्यामागची गोष्ट अशी, की विषाणू कातडीत राहतच नाही. तो नसेच्या धाग्याला धरून वर सरकतो आणि पाठीच्या कण्याशेजारी मज्जापेशींची जी गाठ असते, तिच्यात जाऊन झोपतो. तिथे औषधाचा हात पोचत नाही. तो जागा झाला की त्याच धाग्यावरून खाली उतरतो, आणि उतरताना झिणझिण होते. फोड आले नाहीत तरी त्या वेळी तो दुसऱ्याला लागू शकतो. एवढंच असतं तर सोपं होतं. पण एकदा पोळलेली नस काही कारण नसतानाही झिणझिणते. दाढ काढून टाकली तरी जीभ आठवडाभर तिथेच चाचपत राहते, तसा तो प्रकार. खरी झिणझिण आणि नुसती झिणझिण अंगाला अगदी सारखीच लागते. त्यामुळे केतकीला प्रत्येक वेळ खरीच धरावी लागायची. ओजसच्या रक्तात तो आधीच सापडला होता, तरी हे असं दुखणं आपण त्याला देऊ ही भीती काही जायची नाही. पलंगावर दोघांच्या मध्ये उशी आली, आणि महिन्यातले वीस दिवस ती तिथेच राहिली.

हे झालं अंगाचं. मनातलं दुखणं त्याहून वाईट होतं. केतकीचा हिशेब सरळ होता. ओजसच्या आधी तिच्या आयुष्यात कोणी नव्हतं. कॉलेजात एकाबरोबर दोन सिनेमे पाहिले होते आणि सिनेमात त्याने हात धरला होता, तेवढंच. म्हणजे हे आलं ते ओजसकडूनच. मग ते लग्नाआधीचं की नंतरचं? प्रश्न जिभेवर यायचा आणि ती तो गिळायची.

आणि ओजस कसा, तर देवमाणूस. तिने सांगितलं तेव्हा तो पांढराफटक पडला होता, बराच वेळ गॅलरीत उभा राहिला होता, आणि मग आत येऊन त्याने तिला पाण्याचा ग्लास आणून दिला. एक अवाक्षर विचारलं नाही. दुसरा असता तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. हा रोज संध्याकाळी तिचा पाय मांडीवर घेऊन तळव्याला खोबरेल चोळत बसायचा. तिच्या सलवारींच्या आतल्या शिवणी उसवून त्याने त्यावर मऊ पट्ट्या शिवून घेतल्या. औषधाच्या वेळा तिच्यापेक्षा त्याच्या जास्त ध्यानात. एखाद्या दिवशी केतकीला वाटायचं, ह्याला माझा संशय आहे आणि तरी हा माझ्यावर एवढी माया करतो, केवढं मोठं मन आहे ह्याचं. दुसऱ्या दिवशी वाटायचं, ह्याने विचारलं नाही, कारण ह्याला माहीत आहे कुठून आलं ते. मग तोच खोबरेलाचा हात तिला नकोसा व्हायचा.

दोघांनाही मूल हवं होतं. पण ही गाठ सुटल्याशिवाय ह्या माणसाचं मूल पोटात वाढवायचं नाही, असं केतकीने मनाशी पक्कं केलं होतं. त्याला ती म्हणायची, तब्येत सुधारू दे. तो म्हणायचा, तू म्हणशील तेव्हा.

अशात कानोसा आला. पुण्यातल्या काही संशोधकांनी बनवलेली ही रुपयाएवढी चकती, पाठीवर कमरेच्या वर चिकटवायची आणि विसरून जायची. ती कातडीच्या आडून त्या मज्जापेशींच्या गाठीचा कानोसा घ्यायची. झोपलेला विषाणूही अगदीच मुका नसतो. तो एकच एक संदेश-रेणू पुसट पुसट बनवत राहतो आणि त्याने पेशीची विजेची लय किंचित बदलते. जागा झाला की तो डझनावारी प्रथिनं बनवायला घेतो, मग ती लय पार बिघडते. आणि जिथे नुसतीच पोळलेली नस आहे, तिथली लय तिसरीच असते. चकतीला ह्या तिन्हीतला फरक ओळखता यायचा. विषाणू उठला तर फोनवर ठिपका लाल, आणि नस नुसतीच कुरकुरत असेल तर निळा.

पहिल्या दिवशी मांडीत कढत धार लागली आणि ठिपका निळा दिसला, तेव्हा केतकी ढसाढसा रडली. पुढच्या काही महिन्यांत लाल ठिपका मोजून दोनदा आला. म्हणजे इतके दिवस ती जी भीत होती, ती बहुतेक वेळा नसेच्या जुन्या खोडीलाच. उशी कपाटात गेली. झिणझिण थांबली नव्हती, पण आता ती आली की केतकी म्हणायची, बस बाई तिथेच, आणि कामाला लागायची. नवराबायको एकदा वणीला जाऊन आले, हॉटेलात बसून मिसळ खाल्ली, पहिल्या वर्षासारखे हसले. संशय मात्र होता तिथेच होता. त्याच्यासाठी ठिपका नव्हता.

आणि मग ती ओळ आली. कोणी मागितली नव्हती. संशोधकांच्या लक्षात आलं होतं, की पेशी त्या झोपलेल्या विषाणूच्या डीएनएवर आपली प्रथिनं गुंडाळत राहते. दाराला दर दिवाळीला रंगाचा एक हात मारावा तसे थर चढत जातात. जितके थर जास्त तितका संदेश पुसट आणि तितकी लय संथ. लयीवरून थर मोजता येतात आणि थरांवरून विषाणूच्या मुक्कामाची वर्षं. त्यांना त्यात उपचारांच्या दृष्टीने काही रस असेल. पण चकती विकणाऱ्यांनी ती सोय एका रात्रीत सगळ्यांच्या फोनवर पाठवून दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राज्यातल्या हजारो घरांत चहा निवून गेला. केतकी ज्या रुग्णांच्या गटात होती तिथे एका बाईचा मुक्काम तिच्या लग्नाहून चार वर्षांनी लहान निघाला होता. एका गृहस्थांनी बायकोला माहेरी पाठवून वर्ष झालं होतं, आणि त्यांचा स्वतःचा मुक्काम निघाला कॉलेजातला. वकिलांचे फोन लागत नव्हते.

केतकी फरशीवर बसली होती ती अशी. पहिल्या क्षणी तिचा जीव भांड्यात पडला होता, हे खोटं कशाला सांगू. सव्वीस वर्षं म्हणजे ओजस नाही! ओजस त्यात कुठेच नाही! तो सुटला होता, आणि त्याच्याबरोबर तीही. पण तो आनंद तिला घोटभरही पुरला नाही. कारण सव्वीस वर्षं म्हणजे ती तीन वर्षांची होती. तीन वर्षांच्या पोरीला हे कुठून आलं? तेही ह्या जागी?

ओजस टॉवेल डोक्याला घासत बाहेर आला आणि तिला खाली बसलेली बघून धावला. ती म्हणाली, चक्कर आली. फोन तिने मांडीखाली सरकवला होता. तो कामावर गेल्यावर तिने डॉक्टर जमादारांना फोन लावला आणि आकडा सांगितला. मग डॉक्टरीणबाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "लहानपणी घरात कोण कोण असायचं, केतकी? तुला काही आठवतंय का?"

त्या पुढेही काहीतरी बोलत होत्या, ह्याला दुसरेही मार्ग असतात, लगेच भलतं मनात आणू नको, उद्या ये म्हणजे नीट बोलू. पण केतकीने फोन ठेवून दिला होता. तिच्या डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहिला होता.

बापूमामा. आईचा चुलतभाऊ. मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करायला आला होता आणि वर्षभर त्यांच्याच घरी राहिला होता. आई पोस्टात, बाबा फिरतीवर. दुपारी केतकीला सांभाळायला घरात बापूमामा. तो तिला खांद्यावर घेऊन पुलावरून गाड्या दाखवायचा हे तिला आठवत होतं, की आईने सांगून सांगून आठवतंय असं वाटत होतं, कोण जाणे. बाकी काहीच आठवत नव्हतं. आणि आता ते न आठवणंच तिला भिववू लागलं. तिच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळ्यांत जास्त तोच रडला होता. का रडला होता? आईकडे जातेय, एवढंच ओजसला कळवून ती बसमध्ये बसली, आणि मनमाडला जाईपर्यंत बापूमामाचं प्रत्येक हसणं, पाठीवरून फिरवलेला प्रत्येक हात उलटसुलट करून बघत होती.

आई दारातच उभी होती. शैलाताई पोस्टातून निवृत्त होऊन एकट्याच राहायच्या, गुडघे सोडले तर खणखणीत. लेक अशी अचानक आली म्हणून त्यांनी आधी काळजी केली, मग शेवग्याच्या शेंगांची आमटी केली. केतकीने तोंड उघडायचा चार वेळा प्रयत्न केला. आईला काय विचारणार? तुझ्या भावाने माझ्याशी काही केलं का? आणि आई जर गप्प बसली तर? आईला तेव्हाच कळलं असेल आणि तिने मूग गिळले असतील तर? आमटी तिने तशीच ठेवली. दमलेय म्हणाली आणि लवकर आडवी झाली.

सकाळी जाग आली तेव्हा तिच्या हाताला डास चावून गांधी उठली होती आणि ती झोपेतच खाजवत होती. शैलाताई पलंगाच्या कडेला येऊन बसल्या. त्या नुकत्याच उठल्या होत्या, चूळसुद्धा भरली नव्हती. त्यांनी नेहमीच्या सवयीने आपलं बोट जिभेवर ओलं केलं आणि केतकीचा हात धरला.

केतकीने हात असा हिसडला, की शैलाताईंचा तोल जायचा राहिला.

"अगं, एवढं काय झालं?" त्या दुखावून म्हणाल्या. "शिळी थुंकी आहे. लहानपणी तुझं एवढं मोठं गळू ह्यानेच बरं केलं होतं मी."

केतकी उठून बसली. तिने विचारलं, कुठे झालं होतं गळू.

डाव्या कुल्ल्यावर, शैलाताई म्हणाल्या. तीन वर्षांची होतीस. टेकू द्यायची नाहीस, पालथीच झोपायचीस. डॉक्टर म्हणाले कापावं लागेल, पण तुझ्या आजीने सांगितलं, सकाळी तोंड न धुता आईची थुंकी लावा, आपोआप बसेल. म्हणून रोज सकाळी उठल्या उठल्या मी पहिलं तेच काम करायची. फुटून वाहायला लागलं तरी सोडलं नाही. आणि माझीच काय अवस्था होती तेव्हा! ओठावर कोळी मुतलेला, तोंड हे एवढं सुजलेलं, पोस्टात सगळे हसायचे. शैलाताईंना ते आठवून आताही हसू आलं. "बापू तुझे पाय धरायचा. तू लाथा झाडायचीस ना. आणि तुझं रडणं ऐकवायचं नाही म्हणून तोंड भिंतीकडे करून उभा राहायचा वेडा. मग तुला पेरू आणून द्यायचा."

केतकी आईच्या तोंडाकडे बघतच राहिली. गावात शेकडो घरांत जे करतात, ते आईने केलं होतं, आणि रोज, न चुकता, जीव लावून केलं होतं. ओठावरचा विषाणू जिभेवर, जिभेवरून बोटावर, बोटावरून पोरीच्या उघड्या जखमेत. तिथून तो नसेला धरून वर गेला होता आणि सव्वीस वर्षं तिच्या कण्याशी निजला होता. आणि ती काल दिवसभर एका भल्या माणसाला मनातल्या मनात फासावर चढवत होती. तिला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली, आणि आई काही न कळता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

काय झालंय ते आईला सांगायचं का, हा प्रश्न तिला पडलाच. तिने नाही सांगितलं. साठी ओलांडलेल्या बाईला, तू केलेल्या मायेने मला हे दिलं, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? एवढंच म्हणाली, की आई, ही थुंकी आता कोणाला लावत जाऊ नको, त्यात जंतू असतात. शैलाताई म्हणाल्या, तुम्ही शिकलेली माणसं. पण त्यांनी बोट पदराला पुसलं.

निघायच्या आधी केतकीने बापूमामाला फोन केला. तो भुसावळला असतो. काय बोलावं ते सुचेना म्हणून तिने त्याच्या रक्तदाबाची चौकशी केली. तो एवढा खूश झाला, की त्याने दहा मिनिटं गोळ्यांची नावं सांगितली, आणि ती ऐकत राहिली.

परतीच्या बसमध्ये तिच्या डोक्यात फक्त ओजस होता. दोन वर्षं! दोन वर्षं तिने त्या माणसाच्या प्रत्येक चांगल्या वागण्यामागे काहीतरी पाणी मुरतंय म्हणून बघितलं होतं. तो फोनवर हळू बोलला की तिचे कान टवकारायचे. तो उशिरा आला की ती त्याच्या शर्टाचा वास घ्यायची. आणि तो बिचारा काही न विचारता, काही न बोलता तिची सेवा करत होता. तिने बसमध्येच ठरवून टाकलं, की आज सगळं सांगायचं. संशय घेतला हेही सांगायचं. तो चिडला तर चिडू दे, त्याचा हक्कच आहे. आणि मग सांगायचं, की मला मूल हवंय, तुझंच, आता लगेच. ह्या विचाराने तिला इतकं हलकं वाटलं, की मांडीतली झिणझिण चालू आहे हे नाशिक आल्यावर तिच्या ध्यानात आलं.

ओजस घरी आला होता. संध्याकाळचं ऊन गॅलरीत उतरलं होतं आणि तो दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होता. तिला बघून त्याने आधी विचारलं, चक्कर थांबली का. केतकीने त्याला हाताला धरून आत आणलं, पलंगावर बसवलं आणि फोनवरची ती ओळ त्याच्यापुढे धरली. मग गळवाची, आईच्या थुंकीची, बापूमामाची सगळी हकीकत एका दमात सांगून टाकली. संशयाचं सांगायचं होतं, ते त्यानंतर सांगायचं म्हणून ठेवलं होतं.

ओजस हसेल असं तिला वाटलं होतं. निदान थुंकीच्या गोष्टीला तरी. तो हसला नाही. त्याने फोन तिच्या हातातून घेतला आणि ओळ वाचली. मग तिच्याकडे बघितलं, पुन्हा ओळ वाचली.

"हे नक्की असतं का?" त्याने विचारलं. "म्हणजे, चुकत नाही ना?"

एखाददोन वर्षं इकडेतिकडे होतील, केतकी म्हणाली, पण लग्नाच्या कितीतरी आधीचं आहे हे पक्कं.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हतं," ओजस म्हणाला.

आणि तो मोठा सहा फुटी माणूस पलंगावरून खाली घसरला, गुडघ्यांत तोंड घातलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. केतकीचा जीव कळवळला. ती त्याच्याशेजारी बसली, त्याचं डोकं छातीशी धरलं, केसांतून हात फिरवायला लागली. केवढं ओझं वाहत होता हा, तिला वाटलं. आपल्या मनातलं ह्याने ओळखलं होतं तर. आपला संशय ह्याला कळत होता आणि तरी हा गप्प राहिला. ती त्याला म्हणत राहिली, नव्हतं रे तुझ्यामुळे, नव्हतं, झालं ना आता. तोही तेच म्हणत होता, रडता रडता, पुन्हा पुन्हा. माझ्यामुळे नव्हतं. दोन वर्षं मला वाटत होतं, माझ्यामुळे.

केतकीचा हात त्याच्या केसांत थांबला.

ज्याने काही केलेलं नाही, त्या माणसाला बायकोचा संशय यायला हवा होता. तिला आला होता तसाच. दोन वर्षांत एकदा तरी ह्याच्या मनात यायला हवं होतं, की हिला हे कुठून आलं. ह्याच्या मनात ते आलंच नव्हतं. ह्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं कुठून आलं ते. निदान माहीत आहे असं वाटत होतं.

"तुझ्यामुळे कसं असेल, ओजस?" तिने विचारलं.

तिचा आवाज साधाच होता. पण हुंदके थांबले. ओजसने डोकं वर केलं नाही. बाहेर दोरीवर उरलेल्या कपड्यांचे चिमटे वाऱ्याने हलत होते. केतकीला वाटलं, आता हा म्हणेल, कॉलेजात कोणी होती. म्हणू दे. लग्नाआधीचं काहीही असू दे.

"बंगळूरला ट्रेनिंगला होतो तेव्हा," तो गुडघ्यांतच म्हणाला.

बंगळूरचं ट्रेनिंग लग्नानंतर पाचव्या महिन्यात होतं. स्टेशनवर त्याला सोडायला तीच गेली होती. डब्यात तिने त्याला तिखटमिठाच्या पुऱ्या करून दिल्या होत्या, तो तिथून रोज फोन करायचा आणि ट्रेनिंग दोन आठवड्यांनी वाढलं म्हणून तिने त्याची कीव केली होती.

तिने विचारलं, एकदा? त्याने मान हलवली. नाही. तिने विचारलं, अजून आहे का कोणी? तो म्हणाला, नाही, शपथ, तिथून आल्यावर कधी नाही. तुला ते फोड आले त्या दिवसापासून तर मी...

सकाळी आईच्या घरातून निघताना तिच्या अंगावरून जे ओझं उतरलं होतं, ते आता परत येऊन बसलं होतं. विषाणू ह्याच्याकडून आला नव्हता, एवढं खरं होतं. बाकी तिने दोन वर्षं जे जे मनात आणलं आणि मनात आणलं म्हणून स्वतःला दूषणं दिली, ते सगळंही खरंच होतं.

तेव्हा ओजसने पहिल्यांदा वर बघितलं. डोळे लाल झाले होते आणि तोंडावर विलक्षण आश्चर्य होतं.

"पण तुला माहीत होतं ना?" तो म्हणाला. "तू एकदाही विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला सगळं कळलंय, आणि तू मला माफ केलंयस."

केतकीने त्याच्या केसांतला हात काढून घेतला.

"मला काहीच माहीत नव्हतं," ती म्हणाली.